कडेला फाटणारा पडदा

प्रतीक्षा जानेफळची. वडील महादेवराव वांगी-मिरची पिकवणारे. त्यांनी मुलीला इंजिनिअर केलं. पुण्यात हायड्रोजनपासून वीज करणारे फ्युएल सेल बनवणाऱ्या एका कंपनीत तिने बरीच वर्षं काढली. मग महादेवरावांचं अर्धं अंग लुळं पडलं, वाचाही गेली. आई आधीच गेलेली. प्रतीक्षा नोकरी सोडून परत आली आणि चिखलीजवळच्या एका कॉलेजात शिकवू लागली. सकाळी वडिलांचं अंग पुसायचं, कूस बदलून द्यायची, शेजारच्या जनकाबाई आल्या की स्कूटी काढायची. संध्याकाळी परत तेच. तिच्या वर्गातली मुलं म्हणायची, मॅडम शिकवतात छान, पण खुर्चीत बसल्या की लगेच उठवत नाही त्यांना.

अमडापूर तिच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर. तिथल्या वामनरावांची भाजी आणि बियाणं ठेवायची थंड खोली होती. लाइट गेली की ती चालावी म्हणून प्रतीक्षाच्या जुन्या कंपनीने तिथे हायड्रोजनवर वीज देणारा एक सेट चाचणीसाठी बसवला. कंपनीतले तिचे जुने साहेब प्रेमानंद यांनी फोन केला, "जवळच आहेस तर अधूनमधून नजर टाक." ती हो म्हणाली. नाही म्हणायलाही ताकद लागते.

पहिल्याच उन्हाळ्यात सेट मंदावला. सेटमधल्या फ्युएल सेलला आत जाणारी हवा ओलसर लागते. कोरडी हवा गेली की त्याचा जीव जातो. सेलमधून वीज बनताना जी वाफ बाहेर पडते, तिचा ओलावा आत येणाऱ्या हवेला देण्यासाठी एक डबा असतो, ह्युमिडिफायर. त्यात शेवयांसारख्या बारीक पोकळ नळ्यांची जुडी असते आणि दोन्ही टोकं डिंकासारख्या पक्क्या रसायनात रोवलेली. अमडापूरच्या उन्हात त्या नळ्या नेमक्या रोवल्या जागी तडकल्या. नवा डबा परदेशातून यायचा, तोवर उन्हाळा सरायचा. आला तोही पुढच्या वैशाखात गेला.

"मॅडम, हे काऊन पुन्हा पुन्हा मरून राह्यलं?" वामनरावांनी विचारलं.

"नळ्या बारीक आहेत, भाऊ. इथली हवा त्यांना सोसत नाही."

"मंग जाड काही बसवा ना."

वामनराव सहज बोलले होते. पण प्रतीक्षाच्या डोक्यात हे कंपनीत असल्यापासून होतं: नळ्या नकोत, डिंक नको. सपाट मेम्ब्रेन, म्हणजे पातळ पडदे, चौकटींत धरायचे, मध्ये रबर आणि चार बोल्ट. बिघडलं तर पाना घेऊन कुणीही उघडावं. तेव्हा कंपनीत कुणाला वेळ नव्हता. आता वेळ तिला नव्हता, पण तिने तशी पेटी बनवायला घेतली.

कॉलेज सुटल्यावर ती प्रयोगशाळेत थांबायची. पेटीतून आलटूनपालटून ओली आणि कोरडी हवा सोडायची, मग ती हवा भरून पाण्याच्या टपात बुडवायची आणि बुडबुडे येतात का बघायची. बुडबुडे यायचेच. पडदा फाटलेला असायचा. जाड रबर लावलं, फाटला. बोल्ट वाढवले, तरी फाटला. घरी पोचायला उशीर व्हायचा आणि महादेवराव दाराकडे बघत पडलेले असायचे. ते तिला लागायचं.

एका सुटीच्या दिवशी तिने फाटलेले सगळे पडदे टेबलावर ओळीने मांडले. मध्ये एकही फाटला नव्हता. प्रत्येक कडेला, चौकटीच्या धारेजवळ. पडदा ओला झाला की पसरतो, सुकला की आकसतो, आणि ती तर प्रत्येक पडदा ताणून घट्ट बसवत होती. आकसायला त्याला जागाच नव्हती. एवढी साधी गोष्ट दिसायला इतके महिने लागले म्हणून तिला आनंदाऐवजी रडूच आलं.

मग तिने पडदा सैल ठेवला, लोंबू नये म्हणून दोन्ही बाजूंनी बारीक जाळी दिली, चौकटीची धार घासून गोल केली. टपातलं पाणी शांत राहिलं. ती पेटी वामनरावांच्या सेटला लागली आणि अख्खा उन्हाळा चालली.

पावसाळ्याच्या तोंडावर प्रेमानंद स्वतः आले, सेट न्यायला. कंपनी छोटे सेट बंद करणार होती.

"तुझं काम चांगलं आहे," ते म्हणाले. "पण पेटी फार मोठी झाली गं. विकणार कशी?"

"न्यायच्या आधी उघडू द्या," ती म्हणाली.

तिने बोल्ट काढले. एकेक पडदा उजेडात धरला. सगळे धड होते. प्रेमानंद कौतुकाने काहीतरी बोलत होते, ते तिला नीट ऐकूही आलं नाही. फक्त कुठेतरी आडवं व्हावंसं वाटत होतं. वामनरावांच्या ओसरीवर बाज होती, तिच्यावर ती टेकली आणि झोपली. सेट गाडीत चढला, गाडी गेली, तरी तिला जाग नाही. वामनराव उठवायला निघाले तर त्यांच्या बायकोने, गीताबाईंनी, अडवलं. "झोपू द्या तिले. लय थकली पोरगी." मग गीताबाईंनीच जनकाबाईंना फोन करून महादेवरावांजवळ थोडं थांबायला सांगितलं.

दिवाळीनंतर प्रेमानंदांचा फोन आला. कोरड्या भागातल्या मोबाइल टॉवरच्या फ्युएल सेलसाठी एका दुसऱ्या कंपनीला असलीच पेटी हवी होती, पण लहान. "करशील?"

"माझ्याच्यानं नाही होणार, सर," प्रतीक्षा म्हणाली. "ड्रॉइंग पाठवते. लहान तुम्ही करा. पडदा ताणू नका, एवढं सांभाळा."

त्यांनी ते सांभाळलं. उन्हाळ्यात त्यांनी टॉवरखालच्या पेटीचा फोटो पाठवला. तिने तो वडिलांच्या उशाशी बसून दाखवला. महादेवरावांचे शब्द आता जड का होईना, पण कळायचे.

"तुह्यं नाव हाये काय तिच्यावर?"

"नाही, बाबा."

"चालू हाये?"

"हो, चालू हाये."

महादेवरावांनी चालत्या हाताने फोन तिच्याकडे सरकवला. मग म्हणाले, "जेवून घे आधी."