बिनबटणाचे कपडे

मला संधिवात आहे म्हटलं की लोक आधी हसतात. "अगं, तो म्हाताऱ्यांना होतो!" आमच्या चाळीतल्या एका काकूंनी तर तोंडावर सांगितलं होतं, ही सगळी अभ्यास टाळायची नाटकं आहेत म्हणून. नाटकं म्हणे! काकूंचं डोंबल. मी पहिलीत होते तेव्हा.

आम्ही अंबरनाथजवळ मोरिवलीत राहायचो. पप्पा उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, जीन्सच्या कारखान्यात कारागीर होते आणि आई घरी बसून त्याच जीन्सचे लोंबणारे धागे कापायची. सकाळी माझी बोटं आखडलेली असायची, मूठ उघडता उघडायची नाही. आई कोमट पाण्याच्या टोपात माझे हात धरून बसायची आणि मी तिच्यावरच खेकसायचे. दुखणं जसं काही तिनंच लावलं होतं मला.

एकदा शाळेच्या शर्टाची बटणं लावताना मी रडतेय हे पप्पांनी बघितलं. झालं! पुढच्या सुट्टीच्या दिवशी ते घरच्या मशीनवर बसले आणि माझ्या सगळ्या कपड्यांची काजं बंद केली. आतून वेल्क्रो, वरून नुसती शोभेची बटणं. स्कर्टला इलॅस्टिक. बाईंना शाळेत पत्तासुद्धा लागला नाही, इतकं सफाईदार काम. मग हळूहळू सगळं घरच तसं झालं. डब्याचं झाकण सैल लावलेलं, बाटलीचं बूच आधीच फिरवून ठेवलेलं, नळाला लांब दांडी. कुणी ठरवून केलं नाही, आणि काही दिवसांनी कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. मी ऐटीत तयार होऊन शाळेत जायचे आणि आई शेजारपाजारी सांगायची, "आमची पोरगी सगळं आपल्या हातानं करते."

तपासणीला मोठ्या हॉस्पिटलात जावं लागायचं. तिथे तोबा गर्दी, आणि दर वेळी डॉक्टर नवा. प्रश्न मात्र तेच. स्वतः कपडे घालते का? नळ उघडते का? बाटलीचं झाकण काढते का? आई ताठ बसून सांगायची, "हो, सगळं स्वतः करते." मीही जोरजोरात मुंडी हलवायचे. आम्हाला ती तोंडी परीक्षाच वाटायची. नाही म्हटलं तर नापास करतील! आणि खोटं तरी कुठे होतं त्यात? करतच होते मी. डॉक्टर घाईघाईत हात बघायचे, चांगलं चाललंय म्हणायचे आणि औषध होतं तेवढंच ठेवायचे. बाहेर पडल्यावर आई खूश होऊन मला उसाचा रस पाजायची.

पाचवीत असताना जयंतीच्या सकाळी मामा माझ्यासाठी पांढराशुभ्र शर्ट घेऊन आला. तयार, दुकानातला. बाहेर निळे झेंडे लागले होते, सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत विहाराकडे निघाली होती. पप्पा पुढे गेले होते. आई दारातून ओरडली, "अगं, आवर ना लवकर! वंदना सुरू होईल." मी पहिलं बटण धरलं, सुटलं. परत धरलं, परत सुटलं. मनगट वळतच नव्हतं. आईला वाटलं मी चेष्टा करतेय. चिडून आली, माझा हात हातात घेऊन बटणाकडे वळवायला गेली आणि मी किंचाळले. तिचा चेहराच उतरला. शर्टाची बटणं तिनंच लावून दिली, पण वंदनेतही तिची नजर माझ्या मनगटावरच होती.

त्यानंतर पप्पाही हॉस्पिटलात आले. या वेळी मोठ्या मॅडम भेटल्या. त्यांनी प्रश्न विचारलेच नाहीत. स्वतःच्या ॲप्रनचं बटण माझ्यापुढे धरलं आणि म्हणाल्या, "लाव बघू." मग माझ्या अंगातला शर्ट उलटून आतला वेल्क्रो बघितला. हाताचा एक्स-रे काढून झाल्यावर त्या म्हणाल्या, "उजवं मनगट जुळलंय, आतली हाडं एकमेकांना चिकटलीत. ते आता सुटणार नाही. बोटं वाचवू, जमतील तेवढी. हे आधी कळलं असतं तर तेव्हाच औषध वाढवलं असतं." पप्पा हात जोडून उभे होते. "मॅडम, तिला त्रास होऊ नये म्हणून केलं हो." मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पप्पा पार खचून घरी आले.

औषध वाढलं. पोटात ढवळायचं, केस गळायचे. हाताच्या व्यायामासाठी पप्पांनी जीन्सच्या कापडाची लांब पट्टी शिवली. वर मोठी बटणं, खाली लहान लहान होत गेलेली. रोज संध्याकाळी ते पट्टी धरून समोर बसायचे. वरची काजं माझ्या हातांनी सैल, मऊ पडली. खालची, शर्टाच्या बटणाची, शिवली तेव्हा होती तशीच कडक आहेत. मी किती वेळा ती पट्टी भिरकावून दिली असेल! पप्पा गपचूप उचलून आणायचे. मला त्यांचा भयंकर राग यायचा आणि त्यांची तेवढीच कीवही यायची.

आता मी अंबरनाथला कॉलेजात जाते. लिहायला डावा हात शिकले. मोठ्या माणसांच्या विभागात बदली झाली तेव्हा तिथला तरुण डॉक्टर मान खाली घालूनच विचारायला लागला. तोच पहिला प्रश्न. "स्वतः कपडे घालता येतात?"

इतक्या वर्षांची सवय. मी "हो" म्हणायला तोंड उघडलं.

"नाही येत, साहेब," पप्पा म्हणाले. "तिचे कपडे मी शिवतो."