डोळे मिटून बसायचा तास

माझा आवाज आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणापलीकडं, पार हसनाबाद रस्त्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत जातो. मधली सुट्टी संपली हे तिथल्या माणसांना घंटेआधी माझ्यामुळं कळतं म्हणे. अशा बाईला मुलांना ध्यान शिकवायच्या प्रशिक्षणाला पाठवायचं कुणाच्या डोक्यातून निघालं, देव जाणे. जालन्याला दोन दिवस मी डोळे मिटून बसले. पहिल्या दिवशी झोपले, दुसऱ्या दिवशी घोरले.

परतले ती मात्र साध्वी होऊनच. रोज परिपाठानंतर श्वासाकडं लक्ष देत बसायचं, असं ठरवून टाकलं. उपक्रमाचा फोटो ग्रुपवर पडल्याशिवाय आमच्या खात्यात तो झाला असं कुणी मानत नाही, म्हणून मी मोबाईल घेऊन रांगांमधून फिरायची. आणि फोटोत एखादा तरी डोळा उघडा दिसायचाच! "डोळे मिटा! शांत व्हा म्हणते ना!" शांततेसाठी मी इतकी कधीच ओरडले नव्हते.

चौथीतली एक मुलगी तर रोज डोळे किलकिले करून बसायची. घरी ही दिवसभर टकळी चालवते, असं तिची आई सांगायची. वर्गात वाचायला उभी केली की माझ्याकडं बघून गप्प. तिनं एकदा तरी मोकळेपणानं वाचावं, एवढीच माझी इच्छा होती. ध्यानानं ते होईल, असं मला खरंच वाटत होतं.

एके सकाळी फोटोत पुन्हा तिचाच डोळा. पारा चढला, पण प्रशिक्षणातला गोड आवाज काढून विचारलं, "बाळा, डोळे का उघडतेस गं?"

"मॅडम, तुमी कुठं हायेत ते पाहून राह्यले."

"कशाला?"

"मागून आल्या तर कळत न्हाई ना. मंग कसं मिटावं?"

कुणी हसलं नाही. दोनचार माना तर होकारार्थी हलल्या. इतके दिवस सगळा वर्ग श्वासावर नव्हे, माझ्यावर ध्यान लावून बसला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मोबाईल पर्समध्ये टाकला. तिच्या शेजारी सतरंजीवर जागा मागितली. गुडघे कुरकुरले, तरी मांडी घातली आणि डोळे मिटले. पाठीमागं काय चाललंय ते कळेना, तेव्हा माझाच जीव घाबरा झाला. त्या दिवशी ग्रुपवर फोटो गेला नाही.

जरा वेळानं ती शेजारणीच्या कानाशी कुजबुजली. "मॅडम खाली बसल्या. मीट आता."