मंगळावरचा खंड्या आणि माझं मराठी

चहा घ्या आधी. कारण हे ऐकल्यावर तुम्ही माझ्याकडे कोणत्या नजरेनं पाहाल, काही सांगता येत नाही. असा गाढवपणा करून बसलोय मी, बाप्पा! आणि मधेच हसू नका. मला स्वतःला अजून हसू येत नाहीये.

तर माझी नात, सई. आठ वर्षांची, पुण्यात राहते. तिची दुसरी आजी, म्हणजे आमच्या विहीणबाई, अगदी शेजारच्या बिल्डिंगमध्ये. शाळेतून आणायला आजी, वेणी घालायला आजी, थालीपीठ आजीच्या हातचं. आणि जबलपूरचे आबा कुठे? मोबाइलमध्ये! रोज संध्याकाळी साडेसातला, अर्धा तास. तेवढीच काय ती माझ्या वाटणीची नात.

त्यात विहीणबाईंना आमच्या बोलण्याचं भारी कौतुक. "तुमच्याकडचं मराठी किती गोड हो, निम्मं हिंदीच!" असं त्या लग्नाच्या मांडवातच म्हणाल्या होत्या. सांगा, मी कसा विसरणार? मी, आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या निबंधस्पर्धेचा कायमचा परीक्षक!

एक दिवस सई म्हणाली, "आबा, मला रॉकेटवाली गोष्ट वाचून दाखव ना. पुस्तकातली."

मागून सूनबाईचा, गौरीचा आवाज. "बाबा, हलकंफुलकं बघा हं. हल्लीच्या असल्या गोष्टींत जिकडेतिकडे जग बुडतं. जुनं, मजेशीर, घरात चारचौघांत वाचता येईल असं. आणि कोणी मरायला नको. ही फार रडते."

"बस, एवढंच?" मी म्हटलं. फुशारकी बघा!

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या वाचनालयात गेलो. तिथली कपाटं कुमुदताई सांभाळतात. त्यांनी जुन्या विज्ञानकथांचा कप्पा दाखवला आणि मी खाली बसून उपसायला लागलो. पहिल्या पुस्तकात शास्त्रज्ञानं सख्ख्या मेव्हण्याला ॲसिडमध्ये विरघळवलेलं. ठेवलं. दुसऱ्यात पहिल्याच पानावर पृथ्वीचे दोन तुकडे. ठेवलं. तिसऱ्यातला यंत्रमानव बरा वाटला, पण तो प्रोफेसरच्या बायकोला चोरून पत्रं लिहून राहिला होता! ते तर कुमुदताईंनी माझ्या हातातून काढूनच घेतलं.

शेवटी एक सापडलं. पुठ्ठा गेलेला, नाव गेलेलं, लेखकही गेलेला. एक कुटुंब लोणच्याच्या बरण्या आणि खंड्या नावाचा कुत्रा घेऊन मंगळावर राहायला जातं. रॉकेटमध्ये वजन नाही, त्यामुळे लाडू तरंगताहेत आणि काका लाडवांच्या मागे. उभ्या उभ्या तीन प्रकरणं वाचली मी. एकटाच खो खो हसत होतो.

"पुढचंही पाहून घ्या जी," कुमुदताई म्हणाल्या.

"त्यात काय पाहायचं? झकास आहे!"

इथेच माती खाल्ली. पुढचं पाहिलं असतं तर आज तुम्हाला दुसरा किस्सा सांगितला असता.

तीन दिवस काय रंगलं म्हणता! सई लोळून हसायची. पूर्वी फोनवर नुसतं "हं, हं" करायची, ती "आबा, पुढे वाच ना, पुढे!" म्हणायला लागली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

चौथं प्रकरण. रॉकेट मंगळावर उतरलं, दार उघडलं, खंड्यानं बाहेर उडी मारली... आणि माझी नजर पुढच्या ओळीवर गेली. बाहेर हवाच नव्हती. खंड्या गेला!

आता करता काय? समोर स्क्रीनवर सईचे हे एवढाले डोळे.

"काहून थांबलास आबा?" माझीच बोली तिच्या तोंडात!

"काही नाही, चष्मा... तर खंड्यानं उडी मारली आणि, आणि श्वास रोखून धरला! जबरदस्त दमाचा कुत्रा!"

सईनं टाळ्या पिटल्या. मी घाम पुसला. वाटलं, सुटलो.

कुठला सुटतो! पाचवं प्रकरण उघडलं तर अख्खी शोकसभा. काकांचं भाषण, मुलांचे हुंदके, खड्ड्यावर दगड रचलेले. मी त्याचा वाढदिवस करून टाकला. सगळे काहून रडून राहिले? आनंदाश्रू! दगड कशाला? केक ठेवायला! सहाव्यात एका डोंगराला खंड्याचं नाव देतात, तर मी त्याला निवडणुकीत उभा करून निवडूनच आणला. एकदा जिवंत ठेवला म्हटल्यावर त्याला काम द्यायला नको? मग तो रॉकेट दुरुस्त करू लागला. मंगळावर नदी काढली मी, आपल्या तिलवारा घाटावरच्या नर्मदेएवढी, आणि खंड्या ती पोहून गेला. पुस्तक राहिलं बाजूला, मी आपला सुटलो होतो. आमची ही स्वयंपाकघरातून म्हणायची, "खरं सांगून टाका पोरीला. अंगाशी येईल." मी ऐकतो का?

पुस्तक संपलं, परत केलं, गंगेत घोडं न्हालं असं वाटलं.

आणि गणपतीत मुलगा, सून, सई जबलपूरला आले.

आपल्या मंडळात गणपतीत मुलांचं वाचन असतं, माहीत आहे ना? मी काय केलं असेल? सईचं नाव दिलं! मंडळभर सांगत सुटलो, "माझी नात ऐका. पुण्याची आहे, पण वाचायची गोडी माझी!" वाचायला मी तिला साधी माकडाची गोष्ट दिली होती. पण ऐन वेळी कुमुदताई स्टेजवर आल्या, हातात ते बिनपुठ्ठ्याचं पुस्तक. "सई बेटा, आबा सांगत होते, तुला हे फार आवडतं. यातलंच वाच!"

मी पहिल्या रांगेत समोसा खात होतो. घशातच अडकला.

"मी खंड्याचा वाढदिवस वाचते!" सई माइकवर म्हणाली. बाजूला गौरी उभी, मोबाइल उंच धरून. मोबाइलमध्ये कोण? विहीणबाई!

पोरीनं पाचवं प्रकरण काढलं. खणखणीत सुरुवात केली. "आज सगळे खंड्याभोवती जमले होते. काकांनी त्याच्या... त्याच्या निर्जीव..." थांबली. पुन्हा वाचलं. पान मागे उलटलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "आबा, इथे वेगळंच लिहिलंय."

मी उठलो. तोंड उघडलं. "बेटा, मी तुला खोटं सांगितलं," एवढं म्हणायचं होतं. पाच शब्द! पण तिचा तो चेहरा पाहिला आणि चष्माच पुसायला लागलो. माझ्याकडे पाहता पाहता तिचा चेहरा एकदम मऊ झाला. माइक तोंडाशीच होता.

"आबाला मराठी नीट वाचता येत नाही ना," तिनं सगळ्यांना समजावून सांगितलं. "तो जबलपूरचा आहे. पण त्यानं खूप प्रयत्न केला."

लोक हसले हो! मागून कोणीतरी म्हणालं, "अच्छा! म्हणून निबंधांना असे मार्क मिळायचे!" आणि गौरीच्या मोबाइलमधून स्पष्ट आवाज आला, "अगं बाई! मला शंका होतीच."

मी खाली बसलो. कबूल करून टाकायला हवं होतं तेव्हाच. नाही केलं.

परत येताना ऑटोत सई माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती. "खंड्या खरंच मेला?"

"हो बेटा."

"तुला कळलं नाही, म्हणून तू तसं वाचलंस. तुझी चूक नाही आबा."

माझी चूक नाही म्हणे! सगळं मंडळ हसलं त्याचं काही नाही, पण या वाक्यानं जीव नकोसा झाला. फार फार वाईट वाटलं. आणि तरी गप्पच बसलो, कारण आता खरं सांगायचं म्हणजे खंड्या दुसऱ्यांदा मारायचा, आणि या खेपेला मी.

ते पुण्याला परतले. पहिल्याच संध्याकाळी मी नवीन पुस्तक घेऊन बसलो. या वेळी शेवटपर्यंत वाचून घेतलेलं, सगळे जिवंत! सई फार समजुतीनं म्हणाली, "राहू दे आबा. गोष्ट आता आजी वाचते." झालं. माझा अर्धा तास गेला.

मग पुण्याहून कुरिअर आलं. उघडलं तर अंकलिपी! 'अ'पासून, रंगीत चित्रांची. विहीणबाईंनी पाठवलेली. आमची ही तर हसून हसून पलंगावर आडवी पडली.

फोन आला. "आबा, अंकलिपी मिळाली? रोज साडेसातला बस. मी शिकवते."

हसताय ना? हसा. रिटायर माणूस, निबंधांचा परीक्षक, आणि रोज संध्याकाळी मोबाइलसमोर अंकलिपी उघडून बसून राहिलोय. बोट ठेवून एकेक शब्द वाचतो. ती "शाब्बास" म्हणते.

काल म्हणाली, "आबा, तू मस्त वाचायला लागलास! आता थोडंच राहिलंय. मग तुला शिकवायची गरजच नाही."

म्हणजे माझा अर्धा तास पुन्हा जाणार! पुढचा शब्द होता 'घर'. मी ठासून वाचलं, "धर."

"अरेरे, आबा!" सईनं कपाळाला हात लावला. "पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागणार."

"हौ बेटा," मी म्हटलं, "घे."