फाटकावरचं निदान

थंडीत माझी जुनी गाडी सकाळी सुरू होत नसे. घाईत मी ॲक्सिलरेटर दाबत राही. पेट्रोलचा वास सुटला की माणिकपूरच्या चर्चमधून मिस्सा आटोपून परतणारे एक म्हातारे गृहस्थ, हातात पावांची पिशवी घेऊन, फाटकाशी येऊन उभे राहत. नाव मी कधी विचारलं नाही. नुसतं अंकल म्हणायचो.

"आज प्लग," ते बॉनेटवर हात ठेवून सांगत. काल बॅटरी होती, परवा "पेट्रोलमध्ये पानी". निदान एकदाही बरोबर आलं नाही. पण त्यांच्या गप्पांत दहा मिनिटं जात, तेवढ्यात इंजिनात जास्त झालेलं पेट्रोल उडून जाई आणि गाडी सुरू होई.

"बघ, कोनी दोन शब्द बोललं की म्हातारी उठते," म्हणत ते खुशीत निघत.

मग मी कार्बोरेटर दुरुस्त करून घेतला. दुसऱ्या सकाळी थंड इंजिनासाठी चोक ओढला, चावी फिरवली आणि गाडी लगेच सुरू झाली. अंकल फाटकाबाहेरच थबकले.

"झाली होय बरी?" म्हणाले, आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

त्यानंतरच्या सकाळी मी चोक ओढलाच नाही. गाडी खोकून बंद पडली. मी काच खाली करून बसलो.

"आज कॉइल!" ते रस्त्यापलीकडूनच ओरडले.