कलादालनातील शेंदूर

माझ्या पुतणीने प्रदर्शनासाठी केलेल्या शेंदरी दगडाला कोणीतरी चांदीचे डोळे बसविले, आणि त्या सकाळपासून मला अन्न गोड लागेनासे झाले. आयुष्यभर मी मूर्तीपुढे बसलो आहे. मूर्तीची भीती वाटण्याचा प्रसंग तोवर आला नव्हता.

ही पुतणी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ अकाली गेला, तेव्हापासून ती आमच्याच घरी वाढली. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर ती कोल्हापूरच्या विद्यापीठात शिल्पकलेच्या वर्गात शेवटच्या वर्षाला होती, आणि मी त्याच आवारात संस्कृत शिकवून नुकताच निवृत्त झालो होतो. दर फाल्गुनात तेथील कलादालनात विद्यार्थ्यांच्या कामांचे प्रदर्शन भरे. उद्घाटनाच्या वेळी मंगलाचरण म्हणावयास मला बोलावीत, आणि मीही श्रद्धेने जात असे. सायकलची वाकविलेली चाके, जळक्या लाकडांची रास, काळ्या रंगाने पूर्ण भरलेला कॅनव्हास, यांतले बहुतेक मला समजत नसे. परंतु न समजणाऱ्या गोष्टीपुढे शांतपणे उभे राहण्याची सवय पाठशाळेत लहानपणीच लागते. अर्थ उमगण्याच्या कितीतरी आधी आम्ही मंत्र पाठ केलेले असतात.

त्या वर्षी पुतणीचे काम दालनाच्या कोपऱ्यात, फरशीवरच ठेवलेले होते. गुडघ्याएवढा उंच, वर निमुळता, खाली रुंद असा एक दगड, आणि त्यावर तेलात कालवलेल्या शेंदराचा जाड थर. नाक नाही, डोळे नाहीत. शेजारी एक लहानशी पाटी, तीवर एकच शब्द: ‘वजन’. मी तिला त्याचा आशय विचारला. ती म्हणाली की राधानगरीकडे जाताना बांधाबांधावर असे देव दिसतात. साधा दगड कोणत्या क्षणी देव होतो, ते तिला पाहावयाचे होते. प्रश्न उत्तम आहे, असे मी म्हणालो. आत काय आहे ते तिने सांगितले नाही, आणि विचारावे असे माझ्या मनातही आले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दालन झाडणाऱ्या बाईंनी त्यावर एक जास्वंदीचे फूल ठेवले. या बाई उचगावाहून येत. पुतणीने विचारले तेव्हा त्या सहजपणे म्हणाल्या, “उघडा देव बघवंना झालाय पोरी. झाडू फिरवायचा तर हात धजंना.” पुतणीला त्याचे नवल वाटले आणि आनंदही झाला. फूल तिने तसेच राहू दिले; पाहणाऱ्याने काही करावे हाही आपल्या कामाचाच भाग आहे, असे तिने रात्री जेवताना आम्हाला मोठ्या उत्साहाने समजावून सांगितले.

मग हळदकुंकू आले. मग उदबत्तीची राख दिसू लागली. परीक्षा तोंडावर आल्या होत्या. वाणिज्य आणि विज्ञान शाखेची मुले, जी एरवी कलादालनाची पायरी चढत नसत, ती प्रवेशपत्रे घेऊन येऊ लागली आणि त्या शेंदराला टेकवून नेऊ लागली. मुलांना भेटावयास आलेले गावाकडचे आईबाप चपला बाहेर काढून आत जाऊ लागले. आदल्याच भाद्रपदात गणपती दूध पितो म्हणून साऱ्या देशात रांगा लागल्या होत्या, ती हवा अजून ओसरली नव्हती. कोणी या देवाला म्हसोबा म्हणे, कोणी बिरोबा, कोणी मारुती. नारळ आत फोडू नयेत अशी विनंती पुतणीने पहारेकऱ्याला केली, तेव्हा त्याने ती मान्य केली आणि नारळ उंबऱ्यावर फोडण्याची व्यवस्था लावून दिली. विभागप्रमुख प्रथम प्रसन्न होते, कारण विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनाला इतकी गर्दी त्यांनी कधी पाहिली नव्हती. ‘वजन’ ही पाटी उंबऱ्यावरून आणून वाहिलेल्या नारळांच्या करवंट्यांखाली कधी गेली, ते कोणाच्याच ध्यानात आले नाही.

आणि मग ते डोळे आले. सराफांच्या गुजरीतून कोणीतरी भक्तिभावाने आणून मेणाने चिकटविले होते. मी वर्गात अनेकदा सांगितले होते की घडविलेल्या प्रतिमेत डोळे सर्वांत शेवटी उघडतात, आणि ते उघडल्यावर ती वस्तू राहत नाही. त्या सकाळी मी दारातून आत पाहिले आणि त्या कोपऱ्यातून कोणीतरी माझ्याकडे पाहिले. भिंतीचा आधार घेऊन मी बाहेर आलो.

पुतणी बाहेरच्या पायरीवर बसली होती. मी शेजारी बसल्यावर ती अगदी हळू आवाजात म्हणाली, “काका, तो दगड नाही.”

मी वळून दाराकडे पाहिले.

“आत डालगं आहे. कोंबड्या झाकतात ते. त्याच्यावर कागदाचा लगदा थापलाय मी. एका हाताने उचलता येतो.”

तिला त्यात कोणाची थट्टा करावयाची नव्हती. दिसावयास जड आणि उचलावयास हलके, एवढेच तिला दाखवावयाचे होते. लोकांनी तो उचलून पाहावा, यासाठीच तर ती पाटी होती. परंतु देवाला हात लावून उचलून पाहण्याचे धाडस कोल्हापुरात कोण करील, हा विचार शिल्पकला शिकविणाऱ्यांनाही सुचला नाही, आणि मला तर नाहीच. इतके दिवस ज्याच्यापुढे माथे टेकले, तो कोंबड्यांच्या डालग्यावरचा कागद आहे हे लोकांना कळले, तर ते कोणाला जाब विचारतील याविषयी मला शंका नव्हती.

प्रदर्शन संपत आले. पुढच्या आठवड्यात बाहेरगावच्या चित्रकारांचे प्रदर्शन त्याच दालनात लागणार होते, आणि त्यांची चित्रे टेम्पोने निघालीही होती. कोपरा मोकळा करावयास हवा होता. पण शिपायांपैकी एकही त्या दगडाला हात लावावयास तयार होईना. तेवढ्यात शेजारच्या वस्तीतील तालमीचा एक पैलवान, ज्याला सगळे दादा म्हणत, आपली माणसे घेऊन विभागप्रमुखांकडे आला. देव बसला आहे तर तो बसू द्यावा, आम्ही येथेच लहानशी घुमटी बांधू, असे त्याचे म्हणणे होते. विभागप्रमुखांनी पुष्कळ समजावले. शेवटी त्यांनी माझे नाव घेतले, तेव्हा तो नरमला. शास्त्रीबुवा विधी करून देवाला मार्गी लावत असतील तर आपली हरकत नाही, एवढे त्याने कबूल केले. मी त्या वेळी तेथेच खुर्चीवर बसलो होतो. उठता उठता तो माझ्याकडे वळून म्हणाला, “पर एक हाय, काका. कुनी देवाची चेष्टा केली असंल, तर मग आमी बघू.”

पुतणी माझ्या खुर्चीमागे उभी होती. तिच्या बोटांनी खुर्चीची पाठ किती घट्ट धरली आहे, ते मला न वळताही जाणवत होते.

घरी येऊन मी देवघरात बसलो. जी प्रतिष्ठा कधी झालीच नाही, तिचे विसर्जन करावयाचे, असा विधी मी कोठे वाचला नव्हता. न केले तर मुलगी लोकांच्या हाती लागणार. केले तर देवासमोर एका बनावात मी सामील होणार. देव दगडात नसतो, भावात असतो, हे मी वर्षानुवर्षे शिकविले होते. शिकविताना भय वाटले नव्हते, कारण तेव्हा ते वाक्य खरे ठरले तर काय होईल याचा विचारच केला नव्हता. एवढ्या लोकांचा भाव त्या डालग्यावर बसला असेल, तर तेथे आता कोण होते? मी नमस्कार करावयास वाकलो तो बराच वेळ उठलोच नाही. माझी पत्नी दारात येऊन उभी राहिली. तिला मी सगळे सांगितले. ती इतकेच म्हणाली की पोर आपली आहे, आणि देव कोणाचाही असला तरी त्याला हे कळत असेल.

समारोपाच्या दिवशी सकाळी दालन माणसांनी भरले होते. मी आसनावर बसलो. पळीतले पाणी हातात घेतले. संकल्पात देवतेचे नाव घ्यावे लागते. म्हसोबा म्हणावे, बिरोबा म्हणावे, की मारुती, मला कळेना. आणि जे मला ठाऊक नाही ते मी उच्चारणार नव्हतो. येथे जी कोणी देवता आली असेल ती, एवढेच शब्द संस्कृतात योजून मी संकल्प सोडला. ते शब्द खरे होते. त्यांचा आधार वाटला. मग अक्षता वाहिल्या, आणि आल्या वाटेने सुखाने परत जावे अशी प्रार्थना केली. ती प्रार्थना मी इतक्या कळकळीने त्यापूर्वी किंवा त्यानंतर कधी केलेली नाही.

आता उचलावयाचे होते. मी आणि पुतणी मिळून तो तलावापर्यंत नेऊ, असे मी मनाशी ठरविले होते. मी पुढे झालो, तोच दादाने मला खांद्याला धरून बाजूला केले. “तुमी सरा, काका. म्हातारं मानूस, कंबार मोडंल.” मी काही म्हणण्याच्या आत त्याने लंगोट कसल्यासारखे धोतर खोवले, दोन्ही पाय फाकवून बैठक घेतली, दगडाला कवेत धरले आणि कुस्तीतला गडी उचलावा तशी सारी ताकद लावून तो उचलला.

तो कागदासारखा वर आला. दादाचा तोल गेला आणि दोन पावले मागे जाऊन तो भिंतीवर आदळला. देव त्याच्या छातीशी होता.

दादाने खाली पाहिले. तोल जाताना दगड आडवा झाला होता आणि डालग्याचा उघडा तळ त्याच्याच पोटाकडे वळला होता. बाकी साऱ्यांना समोरचे चांदीचे डोळे तेवढे दिसत होते. आतल्या बांबूच्या कामट्या फक्त त्याला दिसल्या. त्याने मान वर केली आणि सरळ माझ्या पुतणीकडे पाहिले. ते पाहणे मी विसरू शकलेलो नाही. मी देवाचे नाव घेत होतो, पण कोणत्या देवाचे, ते मला सांगता यावयाचे नाही.

गर्दीतून एक म्हातारा म्हणाला, “हलका झाला व्हय रं?”

दादाने नजर पुतणीवरून काढली. मग त्याने तो देव पोटाशी अधिक घट्ट आवळला, कामट्या अंगरख्याने झाकल्या आणि म्हणाला, “मंतर म्हटलं न्हवं काकांनी. गेला देव. वजन त्येचंच हुतं.”

लोकांनी एकदम हात जोडले. कित्येकांच्या डोळ्यांत पाणी आले. पुतणीने तोंड उघडले. ती खरे सांगावयास निघाली होती, हे मी तिच्या चेहऱ्यावरून ओळखले. मी तिचे मनगट धरले. तिने माझ्याकडे पाहिले आणि तोंड मिटले.

विद्यापीठामागचा तलाव दूर नाही. दादा पुढे चालला, मागे लोक. तो पावले मोजून टाकीत होता, मधूनच थांबत होता, कवेतली पकड बदलीत होता. बायाबापड्यांना वाटले की देव गेला तरी दगडाचे ओझे आहेच. कागद पाण्यावर तरंगणार, ही भीती आता मला वाटू लागली होती. पण दादा काठावर थांबलाच नाही. धोतरासकट तो छातीएवढ्या पाण्यात गेला, देव पाण्याखाली धरून उभा राहिला आणि लोकांकडे पाठ करून बराच वेळ तसाच थांबला. पाण्यावर शेंदराचा तांबूस तवंग पसरत गेला. लगदा भिजेपर्यंत आणि डालगे तळाच्या चिखलात पायाने दाबेपर्यंत तो हलला नाही. लोकांनी नामघोष केला आणि ते पांगले.

बाहेर आल्यावर तो आमच्याजवळ आला. अंगातून पाणी निथळत होते. आवाजात राग नव्हता, एखादी व्यवहाराची गोष्ट समजवावी तसा तो माझ्या पुतणीला म्हणाला, “ताई, फुडच्या खेपंला दगूडच आन. ते डालगं लोकांस्नी दिसलं असतं, म्हंजे मला तुला मारायला लागलं असतं की.”

ती म्हणाली, “व्हय, दादा.” आमच्या घरात वाढलेल्या मुलीच्या तोंडून ते ‘व्हय’ मी प्रथमच ऐकले.

तो गेला. धमकीपेक्षा त्याच्या त्या शांतपणाने मी अधिक घाबरलो. त्या माणसाने आम्हाला वाचविले होते, आणि वाचविले नसते तर त्याच हातांनी काय केले असते, तेही त्याने प्रामाणिकपणे सांगितले होते. त्याच्या ठिकाणी त्या दोन गोष्टींत विरोध नव्हता.

वाटेत पुतणीने विचारले, मी घाबरलो होतो तो देवाला की माणसांना. मला ते वेगळे करून सांगता आले नाही. इतकी वर्षे शास्त्र वाचून ते यावयास हवे होते, असे मी तिला म्हणालो.

पुढे तिने खरोखरच दगडात काम केले. आमच्या परसात एक काळा पाषाण आणवला आणि दोन हजार सालापर्यंत, लग्न होऊन ती जाईपर्यंत, तेथे छिन्नीचा आवाज चालू असे. ती काय घडवीत होती ते मी विचारीत नसे. मी आत जप करीत असे. आवाज चालू असेपर्यंत जप नीट होई. तो थांबला की माळ तशीच हातात धरून मी उठत असे आणि मागच्या दाराशी जाऊन ती तेथे आहे ना, ते पाहून येत असे.