चिखलात न उतरणारी गाडी

माझ्या धाकट्या भावानं नवी जीप घेतली आणि सगळ्यात आधी ती नेली वारंगा फाट्यावर, मिस्त्रीचाचांच्या गॅरेजपुढं. मी शेजारी बसले होते. आमच्या वडिलांची जुनी जीप चाचांनी वीस-बावीस वर्षं जिवंत ठेवली होती. भावाला त्यांच्या तोंडून एवढंच ऐकायचं होतं, की ही गाडी त्याच जातीची आहे.

चाचांनी गाडीला एक फेरी मारली. बॉनेट उघडलं, आत डोकावून पुन्हा लावलं.

"बेटा, इंजिन कुठंय? मला तर नुसती झाकणं दिसून राहिली."

"झाकणाखालीच हाय की, चाचा. चारी चाकांना जोर लागतो, बराबर जुनीसारखा. वरून एसी, स्क्रीन, मागचं बघायला कॅमेरा."

"तुझ्या बापाची जीप मी एक पाना अन् तारेचा तुकडा घेऊन चालू करायचो. ही बंद पडली तर काय करशील?"

"कंपनीचा माणूस येईल. लॅपटॉप लावंल."

"म्हणजे गाडी त्याची झाली. तुझी न्हाई."

चहाच्या बाकड्यावरचे लोक हसले आणि लगेच दोन तट पडले. कोणी म्हणे जुना पत्रा म्हणजे पत्रा, कोणी म्हणे नव्यात आराम आहे, कोणी म्हणे ही जीप नव्हेच, जीपचं सोंग आहे. अर्धा तास हे चाललं. त्यातल्या एकालाही मला विचारावंसं वाटलं नाही. मला तेव्हाच राग यायला लागला होता.

कारण त्या जुन्या जीपमध्ये मागं बसणारी मी होते. पुढं वडील आणि गावचे मोठे लोक. मागं लोखंडी पट्ट्यांवर आई, मी, पोती आणि दहा-बारा सवाऱ्या. डोंगरकड्याहून वसमतला जाईपर्यंत डिझेलच्या वासानं मला दोनदा उलटी व्हायची. एका खड्ड्यात माझा पुढचा दात गजावर आपटून तुटला. आईची कंबर त्या गाडीनं कायमची धरली. "काय कणखर गाडी होती!" असं म्हणणारे सगळे पुढच्या सीटवर बसलेले पुरुष होते. तरी एक गोष्ट खोटी सांगणार नाही. कुणाच्या वावरात बाई अडली, कुणाला साप चावला, की वडील जेवणाच्या ताटावरून उठायचे आणि ती गाडी चिखलात घालायचे. लग्नाआधी त्यांनी मलाही ती चालवायला शिकवलं होतं. भावाला कंटाळा यायचा, मला नाही.

यंदा श्रावणातल्या एका रविवारी, मी शिकवते त्या शाळेला सुट्टी म्हणून, मी माहेरी आले होते. आठ दिवस पाऊस धरून होता. दुपारी आमच्या हळदीत खुरपायला गेलेल्या बायांपैकी एकजण धावत अंगणात आली. गुडघ्यापर्यंत काळा चिखल, धाप लागलेली.

"मावशी वढ्याच्या धडीवरून खाली पडल्या. पाय पार वाकडा झाला. हाड दिसून राहिलं."

मावशी म्हणजे गावातल्या बौद्ध वस्तीतली साठीची बाई. माझ्या आईच्या वेळेपासून आमच्या रानात कामाला. माझ्या दोन्ही बाळंतपणांत मला शेक तिनंच दिलेला. मी अँब्युलन्सला फोन लावला. गाडी निघाली म्हणाले, पण ती डांबरी सडकेपर्यंतच येणार होती. सडकेपासून आमचं रान दीड किलोमीटर आत. मधे पाणंद, तीही काळ्या मातीची, दोन्ही बाजूंनी बाभळी.

मी भावाकडं बघितलं. तो ओट्यावर मोबाईल घेऊन बसला होता.

"चल. गाडी काढ."

"ताई, पाणंदीत कुठं? ट्रॅक्टर बघू कुणाचा तरी."

"ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मोडका पाय घेऊन येईल का ती? अन् तुझी गाडी कशासाठी हाय? चारी चाकांना जोर लागतो ना?"

"लागतो. पण बाभळीनं समदा रंग जाईल. शीटा पण नव्या हायत. रक्ताचे डाग निघत न्हाईत." मग जरा आवाज खाली आणून म्हणाला, "चार माणसं बाजेवर घालून आणतीलच की. त्यांना सवय असते."

हे ऐकून माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"आत्या पडली असती तरी हेच म्हणाला असतास का?"

तो पुन्हा मोबाईलकडं वळला. निरोप घेऊन आलेली बाई तिथंच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं आणि ती जमिनीकडं बघत होती. खुंटीवरची किल्ली मी घेतली. भाऊ उठून आडवा आला. "ताई, तुला न्हाई जमायची ही!" म्हणाला. मी त्याचा हात झटकला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला शिवी दिली आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

ती बाई माझ्या शेजारी चढून बसली. इतकी वर्षं मी फक्त स्कूटी चालवत आले. समोर स्क्रीन, बटणंच बटणं, बेल्ट लाव म्हणून टुंईटुंई. पण गिअरच्या शेजारी चारी चाकांना जोर देणारा तो छोटा दांडा होता, वडिलांच्या गाडीत होता तसाच. पाणंदीच्या तोंडाशी थांबून मी तो मागं ओढला. वडील म्हणायचे, चिखलात थांबायचं न्हाई अन् जोर बी करायचा न्हाई. बैल चालतो तसं चालू द्यायचं.

गाडी चालली. खरंच चालली. एकदा मागची बाजू घसरून बांधाला टेकली, तेव्हा शेजारी बसलेल्या बाईनं माझा दंड घट्ट धरला. पण चाकांनी माती पकडली आणि गाडी पुन्हा वाटेवर आली. बाभळीचे काटे दोन्ही दारांवरून करकरत गेले. तो आवाज ऐकून मला बरं वाटत होतं, हेही लिहून ठेवते.

मावशी बांधावर पडली होती. पायाला बायांनी लुगडं गुंडाळलेलं. मला बघून म्हणाली, "तू काहून आलीस बाई? गाडी खराब झाली की." तिला आम्ही पाचजणींनी उचललं आणि मागच्या सीटवर आडवी निजवली. मांडीवर तिचं डोकं घेऊन, खुरपायलाच आलेली तिची सून बसली. येताना प्रत्येक हिसक्याला मावशी दात आवळायची, पण ओरडली नाही. सडकेवर अँब्युलन्स उभी होतीच. नांदेडला पायात सळई टाकली. डॉक्टर म्हणाले, पाय वाचला.

घरी आल्यावर भावानं आधी दारांवरून हात फिरवला. मग सीट बघितली. मावशीचं त्यानं संध्याकाळपर्यंत विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी गाडी पॉलिशला गेली.

पण माझा खरा राग पुढचा आहे. दसऱ्याला गाडीची पूजा करून भाऊ पुन्हा वारंगा फाट्यावर गेला. सासरी जायची माझी बस चुकली होती, म्हणून मीही त्याच गाडीत होते. बाकड्यावर तेच लोक, तोच वाद. आणि हा छाती काढून सांगायला लागला, "चाचा, तुमी सोंग म्हणत होता ना? श्रावणात ह्याच गाडीनं पाणंदीतून पेशंट काढला. गुडघाभर चिखल! बराबर बाबांच्या जीपसारखी!"

लोक माना डोलवायला लागले. चाचासुद्धा म्हणाले, "वाह बेटा."

मी गाडीतून उतरले.

"चाचा, गाडी चांगली हाय. जुनीपेक्षा चांगली हाय, मी स्वतः चालवलीय. पण ह्यानं ती दिली न्हाई. रंग जाईल म्हणून हा ओट्यावर बसून होता. मावशीला बाजेवर आणतील म्हणाला, त्यांना सवय असते म्हणाला."

सगळ्या माना त्याच्याकडं वळल्या. भावाचा चेहरा लाल झाला. "घरातलं भांडण फाट्यावर कशाला आणतेस?" तो पुटपुटला.

"घरातलं कसं? तू ते आत्ताच फाट्यावर आणलंस की."

चाचा हात पुसत पुढं आले. मग भावाला नाही, मला म्हणाले, "तुझा बाप बी एकदा म्हणाला होता, चाचा, हा रंग जरा जपून मार. पण गाडी द्यायला त्यानं कधी न्हाई म्हटलं न्हाई."

मी तिथून एसटीनं आले. भाऊबीजेला भाऊ आला, ओवाळून घेतलं, जेवला. त्या दिवसाचं अवाक्षर काढलं नाही. मीही नाही. मावशी आता काठी घेऊन चालते. खुरपायला बसता येत नाही, म्हणून स्वतःच्या अंगणात शेंगा फोडायचं काम घेते. भावाची गाडी दारावरून गेली की ती हात वर करते. तो हॉर्न वाजवतो, काच मात्र खाली करत नाही. मला अजून राग येतो, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.