प्लगइनमधली माझी ओळ

हे मी बायकोला सांगितलेलं नाही, सरांना नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्या सविताला तर नाहीच. मग तुम्हाला काहून सांगतोय? खरंच माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनही असेल.

गोष्ट तशी लहान आहे. एका ओळीची — संगणकाला दिलेल्या हुकमाची एक ओळ.

हिंगोलीत हळदीवर काम करणाऱ्या एका लहानशा प्रयोगशाळेत मी नोकरीला आहे. शिकलो रसायनशास्त्र, पण पायथन ही संगणकाची भाषा येत होती, आपली आपणच शिकलेली, म्हणून संगणकाचं जे काही अडेल ते माझ्याकडं. हळदीचा नमुना यंत्रात घातला की त्यातल्या रंगाचं माप पडद्यावर येई. ते पेनड्राइव्हवर घ्यायचं, एक्सेलमध्ये चढवायचं, मग कुणाची फाईल कुठली यावरून भांडायचं. प्रयोगशाळा चालवणारे आमचे सर कंटाळले. त्यांनी नोंदी सांभाळणारी, फुकट मिळणारी एक प्रणाली आणवली. पण तिला आमच्या यंत्राची भाषा कळेना. दोघांच्या मध्ये एक जोड हवा होता — प्लगइन. तो मी लिहायला घेतला.

काय मजा आली म्हणून सांगू! यंत्र आधी काय पाठवतं, मग काय, मधेच कोरी ओळ कशाला सोडतं... उलगडत बसलो की जेवणाची सुट्टी निघून जायची. बसवताना तर नाना तऱ्हा. पायथनची आवृत्ती जुळेना. ती जुळली तर दुसरंच काही रुसलं. सगळं जुळलं तेव्हा लाईट गेली. शेवटी प्रणाली बंद करून पुन्हा चालू केली आणि डावीकडं नवं बटण उगवलं — 'हळद नमुने'. सविता शेजारीच उभी होती. "गजू, जमलं की रे!" म्हणाली आणि तिथंच टाळ्या वाजवायला लागली.

सविता आमच्याकडची संशोधक विद्यार्थिनी. जिल्ह्यातल्याच गोरेगावची. नमुने आणायला स्वतः स्कूटीवर फिरायची — जवळा बाजार, आखाडा बाळापूर, कुठं कुठं. हळद कशी शिजवली, कुठं वाळवली, किती उलथली... विचारून विचारून माणसाला भंडावून सोडायची.

आता ती ओळ. प्लगइन नीट चालतंय का हे बघायला मी त्यात एका ओळीची सोय ठेवली होती — कुणीही नोंद केली की तिची एक प्रत माझ्या फोल्डरमध्ये पडायची. प्रणालीचा नियम असा, की ज्याची नोंद त्यालाच दिसावी. त्यानं दाखवल्याशिवाय सरांनाही नाही. तेव्हा चाचणी संपली की ती ओळ काढायची. मी ती काढली नाही.

विसरलो? नाही हो. काढायलाच फाईल उघडली होती. कर्सर त्या ओळीवर लुकलुकत होता. आणि मनात आलं — सविता एवढी फिरून राहिली, तिला सापडत तरी काय असेल? बस, इतकंच. चोरायचं नव्हतं. हेवाही नव्हता, निदान तेव्हा. नुसतं बघायचं होतं. नुसतं बघण्यानं कुणाचं काय जातं?

मग बघायची सवयच लागली. आज तिनं कोणतं गाव आणलं? माप किती आलं? मापाशेजारी तिचे शेरे असत — 'पत्र्याखाली वाळवली', 'उघड्यावर, कडक ऊन'. हळूहळू मला दिसायला लागलं, की एकाच शेतातली, एकाच कढईत शिजवलेली हळद असली, तरी उन्हातली आणि सावलीतली यांचं माप वेगळं येतंय. तिलाही दिसलं असणार. तरी ती कुणाला बोलत नव्हती. काहून? मला राहवेना.

एका दुपारी चहा घेताना सर आपल्याच नादात म्हणाले, "एकाच गावची हळद, मग माप इतकं मागंपुढं का होतं?"

"वाळवण्यात काही असेल का सर? ऊन, सावली?" मी बोलून गेलो.

सरांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. तसं त्यांनी माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं. तेव्हा 'सविता तेच बघतेय' एवढं म्हटलं असतं तर? शब्द तोंडाशी होते. मी चहा पीत राहिलो.

तो विषय सरांनी माझ्याकडं दिला. सवितानं आपल्या नोंदी नेऊन दाखवल्या, तेव्हा ते म्हणाले, गजानननं हे आधीच मांडलंय. दोघांनी एकच करण्यात अर्थ नाही, तू दुसरं काही बघ. ती बाहेर आली. माझ्यावर संशय? जराही नाही.

"माझं तेच चालू होतं रे," म्हणाली. "अजून एक हंगाम बघावं, मंग सांगावं म्हणलं. तुला पण कसं सुचलं?"

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"घरी बाबा हळद वाळवतात ना. बघून बघून," मी म्हणालो.

आमच्या घरी कापूस आणि सोयाबीन. हळद आम्ही कधी लावलेली नाही.

त्याच आठवड्यात मी ती ओळ काढून टाकली. पुढं माझा लेख छापून आला — माझं नाव, सरांचं नाव, आणि शेवटी बारीक अक्षरात सविताचे आभार, 'नमुने गोळा करण्यास मदत केल्याबद्दल'. ते वाक्य मी लिहिलं होतं. सवितानं साठवणीतल्या किडीवर काम सुरू केलं, ते अर्ध्यात सोडलं, आणि एका कॉलेजात शिकवायला लागली.

परवा तिचा फोन आला. कॉलेजातल्या लॅबमध्ये तेच प्लगइन हवं होतं. गेलो. या वेळी एका दमात बसलं. तिनं चहा मागवला आणि विचारलं, "ज्याचं त्यालाच दिसतं ना रे ह्यात? लेकरांचं काम हाय. एकाचं दुसऱ्यानं बघू नये."

"व्हय. बराबर," मी म्हणालो.

"तू बसवलंय म्हणल्यावर मला काय बघायचं त्यात," ती हसली.

मग तिनं पिशवीतून हळदीची एक पुडी काढली. कुठली, ते बोलली नाही. नमुना यंत्रात घातला आणि चष्मा शोधायला पर्स उघडली. तेवढ्यात पडद्यावर माप आलं. तिनं चष्मा डोळ्यांवर चढवायच्या आत मी वाकून ते वाचलं होतं.